सहा मिलिमीटरांची खुंटी

माझ्या वडिलांची कवळी रात्री एका पितळी वाटीत पाण्यात बुडवून ठेवलेली असे. सकाळी ती वाटी कोणी उचलून न्यावयाची यावरून आम्हा भावंडांत रोज वाद होई. पाण्याच्या तळाशी एकटेच बसलेले ते दात पाहून आम्हांस भीती वाटे. वडील मात्र कवळीला फार जपत. लग्नकार्यात पंगतीला बसताना ती ते लावीत, छायाचित्र काढावयाचे असले म्हणजे लावीत, आणि घरी जेवावयास बसले की काढून ठेवून भाकरी दुधात कुस्करून घेत. हत्तीचे दाखवावयाचे दात निराळे आणि खावयाचे निराळे, असे म्हणतात. वडिलांपाशी दाखवावयाचे तेवढेच उरले होते.

वाचकहो, हे घरगुती पुराण सांगावयाचे कारण असे की, 2013 साली, वयाच्या 58व्या वर्षी, एका दंतवैद्याच्या खुर्चीवर आडवी पडले असताना मला प्रथम आठवली ती ही पितळी वाटी. माझ्या वरच्या जबड्यात उजव्या बाजूच्या दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. एक उपदाढेची आणि दुसरी तिच्या मागच्या मोठ्या दाढेची. दोन्ही 2010 मध्ये काढाव्या लागल्या. डावी बाजू शाबूत होती, तेव्हा तीन वर्षे मी डावीकडून चावीत राहिले आणि उजवीकडचे पुढे पाहू म्हणून सोडून दिले. इंदूरच्या एका शाळेत गणित शिकविण्यात माझी हयात गेली. वह्या तपासणे, परीक्षा, घरात दोन मुलांची लग्ने, या सर्वांत स्वतःच्या दाढेसाठी सुटी कोण काढतो? आपणांपैकी पुष्कळ गृहिणींचा अनुभव याहून निराळा नसेल. घरातील सर्वांचे दात दाखवून झाले म्हणजे आपला क्रम लागतो.

त्या तीन वर्षांत माझ्या जबड्यात काय चालले होते याची मला कल्पना नव्हती. दात गेला म्हणजे जागा रिकामी होते एवढेच आपण पाहतो. परंतु ज्या हाडात तो रोवलेला असतो, त्या हाडाला त्यानंतर काही काम उरत नाही आणि ते हळूहळू झिजू लागते. वरच्या जबड्यात याहून एक अधिक अडचण आहे. वरच्या दाढांच्या मुळांच्या माथ्यावर, गालाच्या हाडाच्या आत, एक हवेची पोकळी असते. सर्दी दाटली म्हणजे गाल जड होतो तो याच पोकळीमुळे. डॉक्टर तिला सायनस म्हणतात. दाढा असेपर्यंत ही पोकळी आपल्या जागी असते. दाढा गेल्या की तिचा तळ खाली उतरू लागतो. म्हणजे खालून हाड झिजते आणि वरून पोकळी उतरते, आणि मधला थर दोन्हीकडून पातळ होत जातो. शिवाय तेथील हाड जातीनेच विरळ. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातील हाड सागवानासारखे कठीण मानले, तर वरच्या जबड्याच्या मागच्या भागातील हाड पांगाऱ्याच्या लाकडासारखे हलके व सच्छिद्र असते. सुताराला विचारा, पांगाऱ्यात खिळा किती धरतो ते.

माझ्या जबड्याचे त्रिमिती क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा हा थर उपदाढेच्या जागी साडेसात आणि दाढेच्या जागी सात मिलिमीटर उरला होता.

हे मोजमाप घेऊन मी दोन ठिकाणी सल्ला विचारला आणि दोन सल्ले मिळाले. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले की, हाडात टिटॅनियमची खुंटी बसवून तिच्यावर दात चढविणे, ज्याला आता सर्वत्र इम्प्लांट म्हणतात, ते करावयाचे असेल तर खुंटी निदान दहा मिलिमीटरांची हवी; त्यासाठी सायनसच्या तळाचा नाजूक पडदा वर उचलून त्याच्याखाली हाडाची भुकटी भरावी, तिचे हाड होण्याची सहा ते नऊ महिने वाट पाहावी आणि मग खुंटी बसवावी. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काकू, आहे त्याच हाडात सहा मिलिमीटरांच्या आखूड खुंट्या बसविता येतील. पडदा उचलावयास नको, भुकटी नको. मात्र पंधरा-वीस वर्षांनी काय होईल, हे मी तुम्हांला छातीठोकपणे सांगू शकणार नाही." माझा विश्वास या शेवटच्या वाक्यामुळे बसला. अज्ञान कबूल करणारा शिक्षक आणि अज्ञान कबूल करणारा वैद्य, दोघेही दुर्मिळ.

ही खुंटी हाडात मुळी धरते तरी कशी? त्याची कथा मोठी मनोरंजक आहे. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रानेमार्क नावाचे संशोधक 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात रक्ताभिसरण कसे चालते हे पाहत होते. त्यासाठी त्यांनी टिटॅनियम धातूची एक छोटी पेटिका हाडात बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू लागले तो ती निघेना. हाड धातूला असे बिलगले होते की जणू तो त्याचाच भाग. संशोधक रक्त पाहावयास गेला आणि त्याला दात सापडला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे 1965 साली गोथेनबर्ग येथे गोस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात त्यांनी पहिल्या खुंट्या बसविल्या. 2006 साली लार्सन वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी त्या दातांवर काम भागविले. दंतवैद्यांच्या दिवाणखान्यातील पत्रकांवर हा दाखला हटकून छापलेला असतो. तो खरा आहे. परंतु ते हाड खालच्या जबड्याचे होते, ही गोष्ट पत्रकात सहसा आढळत नाही. सागवानाची हमी पांगाऱ्याला लागू करता येत नाही.

आखूड खुंट्यांचा आरंभीचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. पूर्वीच्या खुंट्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असे, आणि अशा सात मिलिमीटरांच्या खुंट्या वरच्या जबड्याच्या मागच्या भागात लांब खुंट्यांच्या मानाने पुष्कळच अधिक गळत. त्यामुळे जितकी लांब तितकी बळकट, हा समज दंतवैद्यांत दीर्घकाळ पक्का होता. 1990 नंतर खरखरीत पृष्ठभागाच्या खुंट्या प्रचारात आल्या. धातूवर बारीक कणांचा मारा करून आणि आम्लाने कोरून तो खडबडीत केला म्हणजे हाडाला धरावयास अधिक जागा मिळते. दुसरीही एक गोष्ट गणिताने दाखवून दिली. चावताना पडणारा भार खुंटीच्या सगळ्या लांबीवर सारखा वाटला जात नाही. तो मुख्यतः तिच्या गळ्याशी, हिरडीजवळच्या पहिल्या काही आट्यांवर येतो. तेव्हा टोकाची लांबी वाढविल्याने जेवढा लाभ होईल असे वाटते तेवढा होत नाही. खुंटीचा व्यास वाढविल्याने अधिक होतो. तरीही आखूड खुंटीवर उंच दात बसविणे म्हणजे लहान जोत्यावर दोन मजले चढविणे आहे, हे खरेच. म्हणून माझ्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दात एकमेकांस जोडले, त्यांचा चावण्याचा पृष्ठभाग अरुंद ठेवला, आणि जबडा आडवा हलविला असता ते समोरच्या दातांस घासणार नाहीत अशी काळजी घेतली.

शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ऑक्टोबर 2013 मधील एका शनिवारी, तासाभरात, जागा बधिर करून ती झाली. दुखले नाही; फक्त हाडातून कानापर्यंत पोचणारा तो घरघर आवाज विसरणे कठीण. चार महिन्यांनी, 2014 च्या फेब्रुवारीत, दात बसले. त्या रात्री मी ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा उजव्या बाजूने खाल्ला. आमचे हे समोर बसून पाहत होते. म्हणाले, "आता चण्यांची व्यवस्था पाहावयास हवी."

आता मी आपणांस जेथे थोडे थांबविणार आहे, तो भाग आकड्यांचा आहे. गणिताच्या शिक्षिकेला ही सवलत द्यावी. आखूड खुंट्या आणि लांब खुंट्या यांची तुलना करणारे अनेक अभ्यास गेल्या काही वर्षांत झाले. त्यांतील एका अभ्यासात माझ्यासारखेच, वरच्या जबड्याच्या मागच्या भागात पाच ते सात मिलिमीटर हाड उरलेले 101 रुग्ण घेतले. काहींना सहा मिलिमीटरांच्या खुंट्या बसविल्या, काहींना हाड भरून अकरा ते पंधरा मिलिमीटरांच्या. कोणाला कोणती हे चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे ठरविले. पाच वर्षांनी दोन्ही बाजूंच्या जवळजवळ सर्व खुंट्या उभ्या होत्या, आणि आखूड खुंट्यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी त्रास, वेळ व खर्च कमी पडला होता. 2018 साली ॲमस्टरडॅम येथे दंतरोपण-तज्ज्ञांची जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यापुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब आला. मागच्या दातांच्या जागी बसविलेल्या, सहा मिलिमीटर वा त्याहून आखूड खुंट्या सरासरी शेकडा 96 टिकल्या. लांब खुंट्या शेकडा 98. फरक दोनांचा. एवढे वाचून कोणीही म्हणेल, मग प्रश्न मिटला.

परंतु सरासरीच्या शेजारी नेहमी आणखी एक आकडा असतो, आणि मुले परीक्षेत तो लिहावयास विसरतात. आखूड खुंट्यांच्या निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे 86.7 पासून 100 पर्यंत पसरलेले होते. लांब खुंट्यांचे 95 पासून 100 पर्यंत. म्हणजे चांगल्या हाती, चांगल्या तोंडात, दोन्ही सारख्याच. पण परिस्थिती थोडी बिघडली तर आखूड खुंटी अधिक खाली घसरते. शिवाय हे अभ्यास एक ते पाच वर्षांचे. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पाच वर्षे म्हणजे दीर्घकाळ नव्हे. दहा वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेले अभ्यास त्यानंतर प्रसिद्ध होऊ लागले. त्यांतही बहुसंख्य आखूड खुंट्या उभ्या असलेल्या दिसतात, मात्र लांब खुंट्यांच्या मानाने काही अधिक गळालेल्या. आणि 'टिकली' या शब्दाचा अर्थही नीट समजून घ्यावयास हवा. खुंटी तोंडात आहे, एवढाच तो अर्थ. तिच्याभोवती हाड किती उरले आहे, हिरडी सुजली आहे काय, हे त्या शब्दात येत नाही. वर्गात बसलेला प्रत्येक मुलगा उत्तीर्ण होतोच असे नाही.

हाडाचा हिशेब मी 2014 मध्ये स्वतः मांडून पाहिला होता. 1986 साली संशोधकांनी असा एक मापदंड घालून दिला की, पहिल्या वर्षानंतर खुंटीभोवतीचे हाड दरसाल 0.2 मिलिमीटरहून कमी झिजावे. पहिल्या वर्षी एखाद-दीड मिलिमीटर जाणे त्या काळी स्वाभाविक मानीत. पहिल्या वर्षीचे दीड, आणि पुढील नऊ वर्षांचे 1.8, मिळून 3.3. बारा मिलिमीटरांच्या खुंटीला दहा वर्षांनी 8.7 मिलिमीटर आधार उरतो. सहाच्या खुंटीला 2.7. तीच झीज, पण एकाच्या दृष्टीने खिशातले सुटे पैसे आणि दुसऱ्याच्या दृष्टीने अर्धा पगार. मी हा कागद डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, ही परवानगीची मर्यादा आहे, रोजचा खर्च नव्हे. नव्या खुंट्यांभोवती झीज पुष्कळ कमी होते. मात्र तुमच्या जुन्या दाढा हिरडीच्या विकाराने गेल्या आहेत. तोच विकार खुंटीला होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी या." मी एक वही केली. तारीख, पुढच्या खुंटीभोवतीचे हाड, मागच्या खुंटीभोवतीचे हाड, असे तीन रकाने. 2019 च्या आरंभापर्यंत त्या वहीत अकरा नोंदी आहेत. पुढच्या खुंटीभोवती साडेपाच मिलिमीटर, मागच्या खुंटीभोवती 5.3. मर्यादेच्या फारच आत. मधुमेह 2016 मध्ये निघाला, पण तोही ताब्यात होता.

बारावी नोंद 2022 च्या ऑगस्टची आहे.

मधल्या साडेतीन वर्षांत काय झाले ते थोडक्यात सांगते. एप्रिल 2019 मध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही बरीचशी गेली. त्यांना भरविणे, उठविणे, बसविणे, औषधे, व्यायाम यांत दिवस कोठे उगवतो आणि कोठे मावळतो हे कळत नसे. मग 2020 चा मार्च आला. टाळेबंदीत दंतवैद्यांचे दवाखाने पुष्कळ काळ बंदच होते, आणि उघडले तरी घरात असा रुग्ण असताना बाहेर पाऊल टाकावयाचे माझे धाडस नव्हते. 2021 च्या मे महिन्यात हे गेले. त्यानंतर वर्षभर मी काय खात होते हे मला आठवत नाही. त्या साऱ्या काळात माझी साखर वाढत गेली, रात्री दात घासावयाचे राहून जाई, आणि दातांमधून फिरवावयाचा तो बारीक ब्रश न्हाणीघरातील फडताळात वाळून गेला.

ह्यांचे दात मात्र मी दोन्ही वेळा घाशीत असे. त्यांना ते आवडत नसे. तोंड मिटून घेत.

घासताना उजवीकडून अधूनमधून रक्त येई. दुखत नसे, म्हणून मी लक्ष दिले नाही. वाचकहो, या एका गोष्टीसाठी हा सारा लेख लिहावयास मी बसले असे समजा. आपला खरा दात हाडात थेट रोवलेला नसतो. दोहोंच्या मध्ये बारीक तंतूंची एक गादी असते. भाताच्या घासात खडा आला तर क्षणात कळते ते त्या गादीमुळे. दाढ बिघडली म्हणजे रात्रभर झोपू देत नाही, ती मात्र मुख्यतः दाताच्या आतील नसेची कृपा. खुंटीला ही गादी नाही. हाड आणि धातू यांची थेट गाठ पडलेली. मध्ये निरोप नेणारा कोणी नाही. त्यामुळे खुंटीभोवतीचे हाड सडत असले तरी ती ओरडत नाही. रक्त हीच बहुधा तिची पहिली हाक. आणि आखूड खुंटीच्या बाबतीत ती हाक ऐकावयास वेळही थोडा मिळतो. दोन मिलिमीटर हाड गेले तर बारा मिलिमीटरांच्या खुंटीचा सहावा हिस्सा जातो, सहाच्या खुंटीचा तिसरा.

ऑगस्ट 2022 मध्ये मुलीने हट्टाने मला दवाखान्यात नेले. क्ष-किरण चित्रात मागच्या खुंटीभोवती बशीसारखा खळगा दिसत होता. दोन्ही दात जोडलेले असल्यामुळे पुढच्या बळकट खुंटीने मागचीला धरून ठेवले होते, म्हणून हलत असल्याचेही मला जाणवले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी दातांचा स्क्रू सोडवून दोन्ही दात एकत्र उतरविले आणि मागची खुंटी चिमट्यात धरली. ती सहज फिरली. दोन आट्यांत बाहेर आली. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब, थोडी जाड. "काकू, यात तुमची चूक नाही," असे त्या म्हणाल्या. वर्गात मीही मुलांना असेच म्हणत असे, तेव्हा या वाक्याची किंमत मला ठाऊक आहे.

पुढच्या खुंटीभोवती 4.9 मिलिमीटर हाड उरले होते. ती स्वच्छ केली, तिच्यावर एकच नवा दात बसविला. मागची जागा हाड भरून पुन्हा उभी करता येईल असे त्यांनी सांगितले. मी नको म्हटले. माणसाच्या तोंडात वीस दात धडपणे असले तर जेवण्याचे काम नीट चालते, असे तज्ज्ञ मानतात. जपानने 1989 पासून ऐंशीव्या वर्षी वीस दात ही मोहीमच चालविली आहे. माझ्यापाशी अजून तेवीस आहेत. शेवटच्या दाढेचा मोह मी सोडला. आखूड खुंटीचा एक गुण मात्र येथे नमूद केला पाहिजे. ती गेली तेव्हा लहानसा खड्डा ठेवून गेली, मोठी मोडतोड करून नव्हे.

दुसऱ्या वाटेने गेलेल्याही आमच्या घरात आहेत. माझ्या थोरल्या जाऊबाई नागपूरला असतात. त्यांनी 2014 मध्ये वरच्या जबड्यात हाड भरून लांब खुंट्या घेतल्या. भरावयाची भुकटी पुष्कळदा गाईबैलांच्या हाडापासून तयार केलेली असते, हे त्यांना ऐनवेळी कळले. त्यांनी चौकशी केली, तेव्हा रासायनिक रीतीने तयार केलेली भुकटीही मिळते असे समजले आणि त्यांनी ती घेतली. जिला विचारावेसे वाटते तिने आधीच विचारावे. त्यांच्या सायनसचा पडदा शस्त्रक्रियेत थोडा फाटला, हा या शस्त्रक्रियेतील नेहमीचा अपघात. त्यामुळे काम तीन महिने पुढे गेले, गाल आठवडाभर सुजला, खर्च माझ्या दुपटीच्या घरात गेला. परंतु त्यांच्या तिन्ही खुंट्या आज उभ्या आहेत. त्या मला फोनवर म्हणतात, "तू घाई केलीस." मी म्हणते, "ताई, तुमच्या घरी त्या तीन वर्षांत कोणी आजारी नव्हते." दोघींचेही म्हणणे खरे असावे.

मला कोणी विचारले तर मी आजही आखूड खुंटीच घेईन. पण 2013 मध्ये मी विचारला तो प्रश्न, किती वर्षे टिकेल, हा विचारणार नाही. त्याला उत्तरच नाही. मी विचारीन, माझे दात कशाने गेले? ते कारण अजून तोंडात आहे काय? खुंटीवरचा दात सोडवून आतील स्थिती पाहता येईल असा बसविणार की कायमचा चिकटविणार? बसविलेल्या खुंटीचे नाव, माप व क्रमांक असलेले कार्ड मला द्याल काय? मुलाची बदली झाली आणि मी दुसऱ्या गावी गेले, तर तेथील वैद्याला त्या कार्डावाचून काही करता येणार नाही. सरकारी नोकरीत वा सैन्यात असलेल्या कुटुंबांनी, ज्यांचे बिऱ्हाड दर तीन वर्षांनी हलते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तंबाखू व गुटखा खाणाऱ्याने हा खर्च करण्यापूर्वी ते सोडावे. रात्री दात खाण्याची ज्याला सवय आहे त्याने ती आधी सांगावी. खर्चाच्या हिशेबात खुंटीची किंमत सगळेच धरतात. पुढील वीस वर्षांच्या चाळीस तपासण्यांचे पैसे व रिक्षाभाडे कोणी धरीत नाही, आणि पुष्कळ आरोग्यविम्यांत हा खर्च बसतही नाही. आणखी एक प्रश्न मी स्वतःलाच विचारीन. मी अंथरुणाला खिळले, तर माझे दात कोण घासणार? हा प्रश्न अभद्र वाटेल. मी दोन वर्षे दुसऱ्याचे दात घासले आहेत, म्हणून विचारते.

मागच्या महिन्यात सुनेला मी फडताळातील ब्रशाचे माप दाखवून ठेवले. निळ्या दांड्याचा, बारीक. गुलाबी चालत नाही, तो फार अरुंद. तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतले. ऑक्टोबर 2025 च्या तपासणीची नोंद वहीत आहे. बारा वर्षे झाली. पुढची खुंटी: 4.8. तिसरा रकाना मी आता आखीत नाही, तेवढ्या जागेत साखरेचा आकडा लिहिते. भाकरी डावीकडून अधिक खाते आणि उजवीकडून थोडी, आणि चणे भिजवून.